कॅनूतून नदीतली मस्की गरवताना: नवशिक्यांसाठी पहिल्या हंगामाचे मार्गदर्शन

मस्की, म्हणजे मस्केलंज, हा पाइक कुळातला सर्वांत मोठा मासा असून १९५५ पासून तो अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा अधिकृत राज्यमासा आहे. त्याचे नाव त्या प्रदेशातील मूळ रहिवासी असलेल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आलेले आहे. या माशाचा पाठलाग करणारे बहुतेक लोक सरोवरांवर, मोठ्या मोटारबोटींतून आणि उभे राहून आमिष फेकतात, आणि त्यामुळे नवख्या माणसाचा असा समज होतो की महागडी बोट नसेल तर या वाटेला जाऊच नये. हा समज चुकीचा आहे. उत्तर विस्कॉन्सिनच्या नद्यांत मस्की पूर्वापार राहत आलेली आहे, त्या नद्यांचे अनेक पट्टे इतके उथळ आणि खडकाळ आहेत की तेथे मोटारबोट जाऊच शकत नाही, आणि नेमक्या त्याच पट्ट्यांत सोळा फुटांची साधी कॅनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, आवाज न करता पोहोचते.

मात्र कॅनूत बसल्यावर कामाची विभागणी बदलते, आणि नवशिक्याने सर्वांत आधी लक्षात घ्यायची गोष्ट हीच आहे. पुढे बसलेला माणूस आमिष फेकतो. पण ते आमिष योग्य जागी, योग्य कोनातून आणि पुरेसा वेळ पाण्यात राहील की नाही, हे मागे वल्हे घेऊन बसलेला माणूस ठरवतो. मला या नद्यांवर जाऊ लागून बारा हंगाम झाले. एवढ्या काळात माझ्या कॅनूत जे मासे आले, त्यांतल्या बहुतेकांचे श्रेय मी मागच्या वल्ह्याला देतो. म्हणून या लेखात गळाच्या काठीच्या आधी वल्हे येईल.

नदी निवडणे आणि परवाना काढणे

पहिल्या हंगामासाठी मी फ्लॅम्बो नदीचा उत्तर फाटा सुचवतो. हा फाटा टर्टल-फ्लॅम्बो या १९२६ मध्ये बांधलेल्या जलाशयातून निघून पार्क फॉल्स गावावरून खाली येतो आणि पुढे फ्लॅम्बो नदी राज्य वनातून वाहत जाऊन दक्षिण फाट्याला मिळतो. तेथून ही नदी चिप्पेवा नदीला जाऊन मिळते. वनातला वरचा पट्टा संथ आहे आणि नवशिक्याला झेपण्यासारखा आहे. खाली मात्र खळाळ सुरू होतात आणि त्यांतले काही, विशेषतः बीव्हर डॅम रॅपिड्स, अनुभवी वल्हेकऱ्यालाही काठावर उतरून नीट पाहून घ्यावे लागतात. पहिल्या वर्षी त्या बाजूला जाऊ नये.

फ्लॅम्बो या फ्रेंच शब्दाचा अर्थ मशाल. ओजिब्वे लोक रात्री मशालींच्या उजेडात मासे मारत, ते पाहून फ्रेंच व्यापाऱ्यांनी या भागाला हे नाव दिले. पहिल्या पावसात बत्ती घेऊन चढणीचे मासे धरायला गेलेल्या कोणाही कोकणी माणसाला हे चित्र ओळखीचे वाटेल. चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात आणि ते मोठ्या प्रमाणावर मारले तर पुढच्या वर्षी ओढा रिकामा राहतो, हेही त्याला ठाऊक असते. मस्कीच्या बाबतीत हाच विचार कायद्यात उतरवलेला आहे. हा मासा वसंतात, पाणी साधारण दहा ते पंधरा अंश सेल्सिअस झाले की उथळ, संथ जागी अंडी टाकतो. अंड्यांसाठी तो घरटे करत नाही आणि पिल्लांची राखणही करत नाही. म्हणून राज्याच्या उत्तर भागात मस्कीचा हंगाम मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात, मेमोरियल डेच्या सुट्टीला जोडून येणाऱ्या शनिवारी उघडतो.

सोळा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो आणि तो राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडून ऑनलाइन मिळतो. ठेवायच्या मस्कीची किमान लांबी बहुतेक पाण्यांत ४० इंच आहे, काही ठिकाणी ती वेगळी आहे, आणि दिवसाला एकच मासा ठेवता येतो. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने निघते, त्यामुळे आपण जाणार त्या नदीचे पान त्या वर्षीच्या पुस्तिकेतच वाचावे. प्रत्यक्षात मस्की गरवणारे जवळजवळ सर्वच लोक मासा परत सोडतात, आणि नदीतल्या माशाच्या बाबतीत तर मी याचा आग्रहच धरतो, कारण ४० इंचांची मादी साधारण आठ-दहा वर्षांची असते आणि नदीच्या एका मैलात असे मासे फार थोडे असतात.

याच पाण्यात नॉर्दर्न पाइक हा मस्कीचा भाऊबंदही राहतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत, म्हणून दोघांतला फरक ओळखता आला पाहिजे. पाइकच्या गडद अंगावर फिकट ठिपके असतात. मस्कीच्या फिकट अंगावर गडद पट्टे किंवा ठिपके असतात, आणि कधी कधी अंग अगदी कोरेही असते. शंका राहिल्यास खालच्या जबड्याची खालची बाजू पाहावी. तेथे बारीक छिद्रांची ओळ असते; प्रत्येक बाजूला सहा किंवा अधिक छिद्रे असतील तर ती मस्की आणि पाच किंवा कमी असतील तर पाइक.

कॅनू आणि तिचा तोल

सोळा ते सतरा फूट लांबीची, मध्यभागी किमान तीन फूट रुंद आणि सपाट तळाची कॅनू दोघांसाठी योग्य ठरते. शर्यतीसाठी बनवलेली अरुंद कॅनू वेगाने जाते, पण या कामाला ती अजिबात उपयोगाची नाही. कोकणातल्या छोट्या होडीला तोलासाठी उलांडी असते; कॅनूला तसा काहीच आधार नसतो आणि तिचा सगळा तोल आतल्या माणसांच्या बसण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे वजनदार सामान तळाशी आणि मध्यभागी बांधून ठेवावे, कॅनूत उभे राहू नये, आणि दोघांनी एकाच वेळी एकाच बाजूला कधीही वाकू नये. हा शेवटचा नियम सांगायला सोपा आहे. पण मोठा मासा कॅनूच्या कडेला येतो तेव्हा दोघेही तो पाहण्यासाठी नकळत त्याच बाजूला झुकतात, म्हणून तो आधीच एकमेकांना मोठ्याने बोलून दाखवावा.

जीवरक्षक जॅकेट कॅनूत असणे कायद्याने सक्तीचे आहे. ते अंगात घालून बसणे ही आपली जबाबदारी आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरनंतर पाणी इतके थंड असते की चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत काम करेनासे होतात.

नांगराबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण माझी कॅनू एकदा त्यामुळेच उलटली. माझ्या दुसऱ्या हंगामात, ऑक्टोबरच्या एका दुपारी, एका झाडाच्या ओंडक्यावर नीट आमिष टाकता यावे म्हणून मी नांगराची दोरी मधल्या आडव्या दांडीला बांधून नांगर टाकला. कॅनू प्रवाहाला आडवी झाली, वरच्या बाजूची कड पाण्याच्या रेट्याखाली गेली आणि आम्ही दोघे तीन-चार सेकंदांत पाण्यात होतो. पाणी कमरेएवढेच होते म्हणून निभावले. वाहत्या पाण्यात नांगराची दोरी नेहमी कॅनूच्या एका टोकालाच असावी, ती एका झटक्यात सोडता यावी आणि हाताशी सुरी असावी. नवशिक्याने तर नांगर घरीच ठेवावा आणि त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबमध्ये घातलेला तीन-चार फूट लांबीचा साखळदंड मागच्या टोकाच्या मध्यावरून तळाशी फरफटत सोडावा. त्याने कॅनू थांबत नाही, पण तिचा वेग निम्म्यावर येतो, आणि आपल्याला तेवढेच हवे असते. तळाशी मोठे खडक किंवा बुडालेली झाडे असतील तेथे मात्र साखळीही वर घ्यावी.

आधी वल्हे शिकणे

काठ्या घरी ठेवून एक संपूर्ण दिवस फक्त वल्हवण्यासाठी काढावा. नवशिक्याला हा दिवस वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. मागच्या माणसाने तीन गोष्टी हातात बसवाव्यात. पहिली, एकाच बाजूने वल्हवत कॅनू सरळ ठेवणे; यासाठी वल्ह्याच्या ओढीच्या शेवटी पाते बाहेरच्या बाजूला किंचित वळवतात आणि त्याला जे स्ट्रोक म्हणतात. दुसरी, उलटे वल्हे मारून प्रवाहापेक्षा कमी वेगाने खाली जाणे. तिसरी आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, ज्या काठाकडे सरकायचे त्या काठाकडे कॅनूचे मागचे टोक थोडे तिरके करून उलटे वल्हवणे, म्हणजे कॅनू फारशी खाली न जाता आडवी सरकत त्या काठाजवळ जाते. ही तिसरी युक्ती जमली की नदीच्या एका काठावरचा ओंडका आणि दुसऱ्या काठावरचा खडक हे दोन्ही एकाच फेरीत साधता येतात.

याच दिवशी धोकेही ओळखायला शिकावे. सर्वांत वाईट धोका म्हणजे काठावरून पडून प्रवाहात आडवे झालेले झाड. पाणी त्याच्या फांद्यांमधून आरपार जाते, पण माणूस आणि कॅनू अडकतात आणि मागचे पाणी त्यांना तेथेच दाबून धरते. मस्कीला असे झाड आवडते, म्हणून आपण मुद्दाम त्याच्या जवळ जातो, आणि म्हणूनच वरच्या बाजूने त्याच्या दिशेने कधीही वाहत जाऊ नये. बाजूच्या संथ पाण्यातून किंवा खालच्या बाजूने जावे. बंधाऱ्याच्या लगतच्या, वरच्या आणि खालच्या, दोन्ही पाण्यांत कॅनू नेऊ नये.

निघण्यापूर्वी नदीचा विसर्ग पाहावा. धरणाखालच्या गावात वाढलेल्या मराठी माणसाला क्युसेक हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते अनेक नद्यांवरचा विसर्ग त्याच एककात, घनफूट प्रति सेकंदात, जवळजवळ तासातासाला ऑनलाइन देते. आकडा एकटा काही सांगत नाही. तो आदल्या दिवसापेक्षा वाढतो आहे की उतरतो आहे, हे पाहावे. झपाट्याने वाढत असेल तर त्या दिवशी जाऊ नये.

काठी, तंगूस आणि आमिष

साडेसात ते आठ फुटांची जाड काठी, मजबूत बेटकास्टर रील (काठीवर बसवलेले, दोरी गुंडाळणारे आडवे चाक) आणि ६५ ते ८० पौंड ताणाची विणीची दोरी एवढे पुरेसे आहे. आपल्याकडे तळ्यावर वापरतात तो साधा नायलॉनचा तंगूस येथे टिकत नाही. दोरी आणि आमिष यांच्यामध्ये तारेचा किंवा ८० पौंडांहून जाड फ्लुरोकार्बनचा फूटभर लांबीचा लीडर हवाच, कारण मस्कीचे दात दोरी कापतात आणि दोरी तुटून तोंडात आमिष अडकलेला मासा बहुधा मरतो.

आमिषांची पेटी भरून नेण्याचा मोह टाळावा. माझ्या मते नदीवर तीन प्रकारची आमिषे पुरतात. बकटेल, म्हणजे गोल फिरणारे धातूचे पाते आणि मागे हरणाच्या शेपटीच्या केसांचा झुपका असलेले आमिष, सर्वांत सोपे. फेकावे आणि सारख्या वेगाने ओढावे. दुसरे, पाण्याच्या पृष्ठभागावर पाणी उडवत चालणारे आमिष, पहाटे आणि संध्याकाळी. तिसरे, सहा-सात इंचांचे माशाच्या आकाराचे लाकडी किंवा रबरी आमिष, संथ डोहांसाठी. सरोवरावर वापरतात ती फूटभर लांबीची आमिषे बसून दिवसभर फेकणे कठीण असते आणि नदीत त्यांची गरजही नसते. फ्लॅम्बोचे पाणी दलदलींतून आणि जंगलातून येते, म्हणून त्याचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. अशा पाण्यात काळे किंवा नारिंगी अंग आणि तांब्याचे पाते चांगले दिसते.

याच वेळी सोडण्याची साधने घ्यावीत, नंतर नव्हे. रबराचा लेप असलेली आणि गाठी नसलेली मोठी जाळी, फूटभर लांबीची पक्कड आणि गळाचे पोलाद तुकड्यांत कापणारी मजबूत कातर ही तिन्ही नसतील तर मस्कीसाठी आमिष पाण्यात टाकू नये. गळांचे काटे पक्कडीने दाबून सपाट करून टाकावेत. मासा थोडा अधिक सुटतो, पण गळ काढायला वेळ लागत नाही, आणि सोळा फुटांच्या कॅनूत तोच गळ उद्या सोबत्याच्या हातातही रुतू शकतो. दोघांनीही चष्मा आणि टोपी घालावी. आमिष नेहमी कॅनूच्या बाहेरच्या बाजूने मागे न्यावे, सोबत्याच्या डोक्यावरून कधीही नाही.

पाणी वाचणे

नदीतला मासा प्रवाहाशी दिवसभर झगडत बसत नाही. त्याला असे संथ पाणी हवे असते की ज्याच्या कडेने वेगाचे पाणी जाते आणि खाणे आपोआप आणते. त्यामुळे नदी पाहताना पाण्याच्या दोन वेगांमधली सीमारेषा शोधावी. फेसाचे आणि पानांचे तुकडे तिच्यावरून ओळीने वाहताना दिसतात. वळणाच्या बाहेरच्या काठावरचा खोल डोह, त्या डोहाचा शेपटाकडचा उथळ होत जाणारा भाग, मोठ्या खडकामागची शांत जागा, ओढ्याचे मुख, बेटाच्या खालच्या टोकाचे पाणी आणि पडलेल्या झाडाची सावली या जागा आधी तपासाव्यात. मधला एकसारखा, उथळ, वेगवान पट्टा वल्हवत सोडून द्यावा. मैलभर नदीत अशा खऱ्या जागा चार-पाचच असतात आणि त्यांवरच वेळ द्यायचा असतो.

पाणी चढलेले असताना मासे काठाकडे, पाण्याखाली गेलेल्या झुडपांच्या कडेला येतात. पाणी उतरले की ते खोल डोहांत जमतात. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात हे डोह नकाशावर खूण करून ठेवण्यासारखे असतात. शरद ऋतूत, पाने पडल्यावर, अगदी संथ आणि खोल जागीच शोध घ्यावा.

फेकणे, आणि प्रत्येक फेकीचा शेवट

मागच्या माणसाने कॅनू ओंडक्यापासून पंधरा-वीस मीटरवर आणि प्रवाहापेक्षा हळू ठेवावी. पुढच्याने आमिष काठाच्या दिशेने, किंचित खालच्या बाजूला टाकावे. सरळ खाली टाकल्यास कॅनूच त्याच्या अंगावर वाहत जाते आणि दोरी सैल पडते. पहिली फेक ओंडक्याच्या वरच्या टोकाला, दुसरी मध्यावर, तिसरी खालच्या टोकाला, अशा क्रमाने जावे, आणि त्या वेळात कॅनू दहा फुटांपेक्षा अधिक खाली जाऊ नये. बोलायचे ते हलक्या आवाजात बोलावे, आणि वल्हे कडेवर आपटू देऊ नये. कॅनूचा सर्वांत मोठा गुण तिची शांतता हा आहे आणि तो आपण घालवू नये. दर तासाला काठावर लागून जागा बदलाव्यात, म्हणजे दोघांनाही दोन्ही कामे येतात.

आता सर्वांत महत्त्वाची सवय. मस्की अनेकदा आमिषाच्या मागे मागे थेट कॅनूपर्यंत येते आणि तेथे निर्णय घेते. म्हणून प्रत्येक फेकीच्या शेवटी, मासा दिसो वा न दिसो, लीडर काठीच्या टोकापासून फूटभरावर राहिला की रील थांबवावे, काठीचे टोक पाण्यात कोपरभर बुडवावे आणि आमिष इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे रुंद वळणांनी फिरवावे. वळणे मोठी हवीत, कारण चार फूट लांबीच्या माशाला अरुंद वळण घेता येत नाही, आणि वळणावर वेग थोडा वाढवावा. कॅनूत आपण पाण्याच्या अगदी जवळ बसलेलो असतो, त्यामुळे काठी सहज खोल जाते आणि माशाला आपली आकृतीही फारशी दिसत नाही. या एका बाबतीत उंच बोटीपेक्षा कॅनू सरस आहे.

माझी पहिली नदीतली मस्की अशीच आली. सप्टेंबरची ढगाळ सकाळ होती, आणि काळ्या बकटेलचे तांब्याचे पाते चहासारख्या पाण्यातून वर येताना मला दिसत होते. मी पहिले वळण पूर्ण केले तेव्हा पात्याच्या मागे हातभर अंतरावर पाणी थोडेसे अधिक तपकिरी झाले, एवढेच जाणवले. दुसऱ्या वळणावर त्या तपकिरी रंगाला डोळा आला, मग कल्ल्याची पांढरी कड उघडली आणि बकटेल दिसेनासे झाले. तोपर्यंत कोणताही धक्का, कोणताही आवाज झालेला नव्हता. त्या क्षणी काठी वर उचलण्याची इच्छा होते आणि तसे केल्यास आमिष माशाच्या तोंडातून सरळ निघून येते. काठी आडवी, कॅनूच्या लांबीला समांतर, जोराने ओढावी.

मासा लागल्यावर

येथून पुन्हा मागच्या माणसाचे काम सुरू होते. त्याने साखळी वर घ्यावी, कॅनूचे तोंड माशाकडे वळते ठेवावे आणि ताबडतोब जवळच्या संथ, उथळ पाण्याकडे निघावे. पुढच्याने दोरी सतत ताणलेली ठेवावी आणि मासा उड्या मारू लागला तर काठीचे टोक पाण्याकडे खाली न्यावे. झुंज लांबवण्यात काही शौर्य नाही. जाड दोरी घेण्याचे कारणच हे की मासा दमून अर्धमेला होण्याआधी जाळीत यावा.

मासा शांत झाला की पुढचा माणूस काठी मागे नेत त्याला कॅनूच्या कडेने मागच्या माणसाकडे आणतो आणि स्वतः विरुद्ध बाजूला किंचित टेकतो. मागचा माणूस बसूनच जाळी आधी पाण्यात बुडवतो आणि डोके आत येऊ देतो. माशाच्या मागे जाळी मारू नये. जाळीत आल्यावर मासा उचलून कॅनूत घेऊ नये. पंधरा-वीस पौंडांचा तडफडणारा मासा आणि त्याच्या तोंडातले तीन-तीन टोकांचे गळ दोन माणसांच्या पायांमध्ये येणे, हा या छंदातला सर्वांत टाळण्यासारखा प्रसंग आहे. जाळी पाण्यातच ठेवून, तिची कड एका हाताने धरून, काठाच्या उथळ पाण्यात यावे आणि दोघांनीही उतरून गुडघाभर पाण्यात उभे राहावे.

मग पक्कडीने गळ काढावेत. एखादा गळ खोल रुतला असेल किंवा कल्ल्याजवळ असेल तर झटापट न करता तो कातरीने कापावा. गळ स्वस्त असतो. मोजमाप पाण्यातच तरंगत्या पट्टीवर घ्यावे. फोटो हवा असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवावा, एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, कल्ल्याच्या लाल पात्यांना स्पर्श न करता, आणि दुसरा पोटाखाली घेऊन मासा आडवा उचलावा आणि आपण स्वतः श्वास रोखू शकतो त्याहून कमी वेळात परत पाण्यात ठेवावा. माशाला जबड्याने उभा टांगू नये. त्याच्या वजनाने आतले अवयव आणि मणका दुखावतो. सोडताना त्याचे तोंड हलक्या प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून शेपटीच्या मुळाशी धरून ठेवावे. मासा पुढे-मागे हलवण्याची गरज नाही. कल्ले नियमित उघडझाप करू लागले आणि शेपटी हातात घट्ट झाली की तो आपला आपण निघून जातो. कधी त्याला दहा मिनिटे लागतात, तेवढी द्यावीत.

पाण्याचे तापमान साधारण २७ अंश सेल्सिअसच्या वर गेले असेल तर मस्की गरवूच नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, आणि नीट पोहत गेलेला मासाही एक-दोन दिवसांनी मरू शकतो. साधा तापमापक दोरीला बांधून नेहमी कॅनूत ठेवावा. जुलै-ऑगस्टच्या अशा आठवड्यांत त्याच नदीत स्मॉलमाउथ बास भरपूर मिळतो, आणि वल्ह्याचा सरावही होतो.

दिवस संपताना

गाडीची व्यवस्था आधीच करावी: एक गाडी खालच्या उताऱ्यावर आणि एक वरच्या, किंवा खाली सायकल साखळीने बांधून ठेवावी. आठ-दहा मैल वल्हवत सहज होतात, पण मासे गरवत तेवढ्याच अंतराला संपूर्ण दिवस लागतो. पहिल्या फेरीला पाच-सहा मैलच ठरवावेत. या जंगलात अनेक ठिकाणी फोनला रेंज मिळत नाही, म्हणून कोणत्या उताऱ्यावरून निघणार आणि कुठे, किती वाजता पोहोचणार हे घरी लिहून ठेवावे. कोरडे कपडे जलरोधक पिशवीत असावेत.

कॅनू काठावर घेतल्यावर तिच्यातले पाणी काढून टाकावे, तळाला आणि साखळीला चिकटलेल्या पाणवनस्पती तेथेच काढाव्यात. झीब्रा शिंपल्यांसारखे परके जीव एका नदीतून दुसऱ्या पाण्यात असेच जातात आणि त्याविरुद्ध राज्याचा कायदाही आहे. आमिषे उघड्यावर वाळवावीत, नाहीतर गळ आठवड्यात गंजतात.

मग गाडीत बसण्याआधी वहीत चार ओळी लिहाव्यात: तारीख, विसर्ग किती क्युसेक, पाण्याचे तापमान आणि मासा कोणत्या ओंडक्याखालून, कोणत्या बाजूने मागे आला ते. ज्या माशाने पाठलाग केला पण तोंड उघडले नाही, त्याची नोंद सर्वांत काळजीपूर्वक करावी. विसर्ग फारसा बदलला नसेल तर तो बहुधा त्याच जागी असतो, आणि पुढच्या खेपेला तेथे पोहोचण्यापूर्वी पन्नास मीटर वरूनच साखळी तळाशी सोडावी.